एक वीत खाली

मुलाच्या घरात माझी खोली आहे ती विटांची नाही. बायको गेल्यावर मुलानं मला होसकोट्याहून कोरमंगल्याला आपल्या फ्लॅटवर आणायचं ठरवलं, तेव्हा त्यानं हॉल मधोमध कापला. दोन माणसं आली, पत्र्याच्या पट्ट्या उभ्या केल्या, दोन्ही बाजूंनी जिप्समचे बोर्ड स्क्रूनं मारले, वरून पुट्टी, वरून रंग. दोन दिवसांत खोली तयार. मी जन्मभर गवंडीकाम केलं. एवढ्या वेळात माझं वाळूसुद्धा चाळून होत नसे.

"कशी आहे भिंत, आप्पा?" मुलानं विचारलं.

मी बोटाच्या पेरानं वाजवून बघितली. डबडब आवाज आला. "ही भिंत न्हाई, खोकं आहे," मी म्हणालो.

"खोकं तर खोकं. पण तुमची सेपरेट रूम झाली ना," सून म्हणाली. ती पुण्याची. बोलण्यात निम्मं इंग्रजी असतं, पण ताट आधी माझं वाढते. तिच्याबद्दल माझी तक्रार नाही.

होसकोट्याचं घर बंद करताना मी फारसं काही आणलं नाही. एक पेटी, माझी हत्यारं, आणि बायकोची मांडणी. मांडणी म्हणजे लोखंडी पट्ट्यांची दोन खणांची चौकट, भिंतीला टांगायची. वरच्या खणात परात, ताटं उभी. खालच्यात तांबे, वाट्या, पेले. आमच्या निपाणीकडं लग्नात भांडी देतात त्यावर नाव घालून देतात. सगळ्या भांड्यांवर नाव माझं आहे. घासली सगळी तिनं.

"आप्पा, किचनमध्ये मॉड्युलर आहे सगळं. ही भांडी कुठं ठेवायची?" सुनेनं विचारलं. तिरकस नव्हतं, खरंच तिला कळत नव्हतं.

"माझ्या खोलीत."

"बेडरूममध्ये परात?"

"माझ्या खोलीत," मी परत म्हणालो, आणि विषय संपला.

ती मांडणी मला कुठंतरी लावायची नव्हती. ठरलेल्या उंचीवर लावायची होती. ते का, हे मी कुणाला सांगितलेलं नव्हतं. इथं सांगतो.

होसकोट्याचं घर मी स्वतः बांधलं. वीट माझी, गिलावा माझा. स्वयंपाकघराच्या भिंतीचा गिलावा तर असा घोटला होता की हात फिरवला तर काचेवरून फिरल्यासारखा. त्या भिंतीवर मी मांडणी लावली ती माझ्या हाताच्या मापानं. बायको माझ्या हनुवटीला यायची. तरणी होती तोवर टाचा उचलून काढायची भांडी. पण माझ्याच कामांवर तीस वर्षं डोक्यावर मालाची घमेली वाहून तिचा खांदा गेला. हात कपाळाच्या वर जाईना.

"अवो, ती मांडणी एक वीत खाली घ्या की," ती म्हणायची.

"रविवारी बघतो."

"कुठला रविवार ते तरी सांगा. लोकांच्या घरात कपाटं चिणून आलासा, आपल्या घरात चार खिळं जड झालं."

चार-पाच वर्षं हे चाललं. खरं कारण मी तिला कधी बोललो नाही. मांडणी खाली घ्यायची म्हणजे वरची भोकं उघडी पडणार, खाली नवी पाडायला लागणार. त्या गिलाव्याला परत भोकं पाडायची माझी तयारी नव्हती. एवढंच कारण. कितीही बुजवली तरी डाग दिसतो. मला त्या भिंतीवर डाग नको होता.

एका रविवारी मुलगा आणि सून जेवायला यायचे होते. पोळ्यांची कणीक जास्त, म्हणून तिला मोठी परात पाहिजे होती. परात वरच्या खणात. मी बाहेर पायरीवर बिडी ओढत बसलो होतो. तिनं मला हाक मारली नाही. स्टुलावर चढली.

परात फरशीवर पडली की लगेच थांबत नाही, गोल गोल फिरत वाजत राहते. मी ऐकलं. "काय पडलं गं?" असं बसल्या जागेवरून विचारलं. उत्तर आलं नाही. मला वाटलं रागावली असेल. मी बिडी संपवली, मग आत गेलो.

खुब्याचं हाड मोडलं होतं. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "कशा पडल्या?" मी म्हणालो, "चक्कर आली." ती तिथंच खाटेवर होती, शुद्धीवर. तिनं माझ्याकडं बघितलं आणि मान भिंतीकडं केली. पुढं दोन महिने ती अंथरुणात होती. त्या दोन महिन्यांत तिनं त्यावर एक शब्द काढला नाही. मग छातीत कफ झाला आणि ती गेली.

दहाव्याला तिची धाकटी बहीण चिकोडीहून आली होती. सगळ्यांच्या देखत म्हणाली, "माझ्या बहिणीला जन्मात कधी चक्कर आली न्हाई." मी खाली बघितलं. मुलगा म्हणाला, "मावशी, वय झालं होतं तिचं." माझं खोटं त्यानं खरं म्हणून धरलं होतं. तेव्हाच सांगायला पाहिजे होतं. नाही सांगितलं.

तर इथं ती मांडणी एक वीत खाली लावायची होती. तिचा हात पोचेल अशी. ती नाही हे मला कळत होतं. म्हातारा झालो म्हणून खुळा झालो नाही. तरी लावायची होती.

मुलाला मी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तो म्हणाला असता, ड्रिलवाला बोलवू. मला बोलवायला कशाला पाहिजे? आयुष्यभर लोकांनी मला बोलावलं. तो आणि सून नवाच्या सुमाराला कामावर जातात. ते गेले तशी मी पेटीतली छिन्नी-हातोडी काढली. माझ्या गळ्याशी बोट धरून भिंतीवर पेन्सिलीनं खूण केली, तिचं कपाळ तिथं यायचं. पहिल्या फटक्यात छिन्नी आरपार गेली. विटेला दहा घाव घालावे लागतात. इथं पापड मोडल्यासारखं झालं. आत बोट घातलं तर वारा.

मी विचार केला, गवंड्यासारखाच केला. भोक पोकळ आहे ना, मग भरायचं. इथल्या शिवाजीनगरच्या बाजारात बसनं गेलो, कारण इकडच्या दुकानात सगळं पाकिटात आणि सगळं इंग्रजीत. तिथल्या ओळखीच्या हार्डवेअरवाल्याला म्हणालो, "स्वल्प सिमेंट दे."

"स्वल्प म्हणजे किती?"

"दोन किलो."

"दोन किलो सिमेंटचं काय करणार, अज्जा? दात भरायचेत?" तो कानडीत म्हणाला आणि हसला. मीही हसलो. बऱ्याच दिवसांनी.

घरी येऊन चार भोकं केली. आत पोत्याचे बोळे कोंबले, माल खाली पडू नये म्हणून. विटेचे तुकडे घालून सिमेंट ठोसून भरलं, त्यात लाकडाच्या चार गुट्ट्या बसवल्या. ओळंबा लावून बघितला. हात थरथरतो, पण ओळंबा खोटं बोलत नाही. मग पुढं दोरी बांधून तिच्यावर माझे शर्ट टांगले, म्हणजे कुणाला दिसू नये.

सिमेंटला पाणी मारावं लागतं. न मारलं तर माल फुसका होतो. सात दिवस, सकाळ-संध्याकाळ. कामावर हे पाणी मारायचं काम बायकोचं होतं. मी भिंत उभी करून पुढं जायचो, ती मागून घागर आणि डबा घेऊन यायची. सपसप पाणी मारत जायची आणि कानडी बायकांशी गप्पा मारत. ह्या कोरमंगल्यात किती घरांना तिनं पाणी मारलंय. आमच्या घराला सातच्या जागी एकवीस दिवस मारलं. मी म्हणालो, बास आता. म्हणाली, "आपलं हाय न्हवं."

म्हणून मी मारलं. दोघं गेली की आंघोळीचा मग भरायचा आणि चार ठिकाणी सपसप. संध्याकाळी दोघं यायच्या आधी परत. भिंत पाणी पीत होती. मला वाटलं, चांगलं आहे, पितेय म्हणजे पकडणार. बायको गेल्यापासून मला कुठल्या कामात गोडी वाटली नव्हती. ह्या पाण्यात वाटली. सकाळी उठायला काहीतरी होतं.

चौथ्या दिवशी सून म्हणाली, "आप्पा, हॉलच्या साइडनं भिंत ओली दिसतेय. पेंटला बबल्स आलेत. वरच्या फ्लॅटचं लीकेज असणार."

मी ताटात बघत म्हणालो, "असेल."

तिनं सोसायटीत कळवलं. वरच्या मजल्यावर चार पोरी भाड्यानं राहतात, नोकरी करणाऱ्या. प्लंबरनं त्यांची न्हाणी उकरली. त्या पोरी आमच्या दारात येऊन म्हणाल्या, "सॉरी अंकल." मी म्हणालो, "असू दे, असू दे." हे लिहिताना लाज वाटते. तेव्हा वाटली नाही, किंवा वाटली ती मी गिळली. गिळायची सवय झाली होती.

आठव्या दिवशी मी मांडणी टांगली. गुट्टी घट्ट होती, खिळा बसला. भांडी एक एक पुसून लावली. मोठी परात वरच्या खणात. तिच्यासारखा उभा राहून, टाचा न उचलता, खांदा न उचलता, हात लांब करून बघितला. गुडघे थोडे वाकवावे लागले. परातीला हात लागला.

मुलानं संध्याकाळी बघितली. "कधी लावलीत? कुणाकडून?"

"मीच."

"ड्रिल न करता?"

"तुझा जन्म व्हायच्या आधीपासून लावतोय."

तो हसला, "सरी, सरी," म्हणाला, कानडीत ठीक ठीक. बरं वाटलं त्याला. बापानं काहीतरी केलं असं वाटलं असेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला मी खाटेच्या पायथ्याशी बसून दाढी करत होतो. मागून आधी फाटल्यासारखा आवाज आला, जाड पुठ्ठा फाटतो तसा. मग मांडणी भिंतीचा तुकडा घेऊन खाली आली. वाट्या, पेले, तांबे सगळीकडं. आणि सगळ्यात शेवटी परात. गोल गोल फिरत वाजत राहिली.

मी उठलो नाही. उठता आलं नाही. अर्ध्या गालाला साबण तसाच होता. परात थांबली तरी मी बसून होतो. दुपारी दोनला कामवाली अक्का आली, तिनं सुनेला फोन केला, सुनेनं मुलाला.

मुलगा आला तेव्हा भिंतीत खिडकीएवढं भगदाड होतं. आतून बोर्ड भिजून ओल्या ब्रेडसारखा झालेला. कागद सुटलेला, काळी बुरशी. खाली माझे सिमेंटचे चार गोळे पडले होते. चारही पक्के, दगडासारखे. त्यांना तडासुद्धा गेला नव्हता.

"तुम्हाला लागलं का?" त्यानं आधी विचारलं.

"न्हाई."

मग त्यानं गोळे बघितले, बोर्डाला बोट लावलं, न्हाणीघरातला मग माझ्या खाटेखाली बघितला. हुशार आहे. "आप्पा, पाणी मारत होता तुम्ही? जिप्समला?"

"सिमेंटला."

"आणि वरच्या पोरींना सॉरी म्हणायला लावलं."

मी गालावरचा वाळलेला साबण पुसला.

त्या रविवारी मिस्त्री आला. कानडी माणूस, पन्नाशीचा, गळ्यात मापाची टेप, खिशात पेन्सिल. भगदाडात डोकं घालून त्यानं विचारलं, "यारु अण्णा, ई गोडेगे नीरु हाकिद्दु?" ह्या भिंतीवर पाणी कुणी मारलं. मी म्हणालो, "नाने." मीच. त्यानं माझ्या हातांकडं बघितलं. गवंड्याचे हात ओळखू येतात, बोटांची टोकं चुन्यानं खाल्लेली असतात. त्यानंतर तो माझ्याशी अदबीनंच बोलला, त्यामुळं जास्त लागलं.

त्यानं एक लोहचुंबक काढलं आणि भिंतीवरून फिरवलं. जिथं चिकटेल तिथं आत स्क्रू, म्हणजे तिथं पत्र्याची पट्टी. दर दोन फुटांवर एक. म्हणाला, ह्या भिंतीत जोर फक्त त्या पट्ट्यांत आहे, मधला बोर्ड नुसता पडदा. जड काही लावायचं तर भिजलेला बोर्ड कापून काढायचा, दोन पट्ट्यांच्या मध्ये आतून जाड प्लायवूडची फळी घट्ट बसवायची, मग नवा बोर्ड मारायचा, आणि मांडणीचे स्क्रू त्या फळीत जातील असे मारायचे. सोपं होतं. मी विचारलं असतं तर पहिल्याच दिवशी झालं असतं.

भिजलेला बोर्ड कापून झाला. तो फळी हातात घेऊन मला म्हणाला, उंची सांगा. एकदा बोर्ड बंद केला की फळी हलवता येणार नाही, मांडणी तिथंच राहणार.

मी उठून उभा राहिलो. गळ्याशी बोट धरलं. "इथं. मांडणीचा वरचा खण इथं."

"आप्पा, एवढं खाली?" मुलगा म्हणाला. "खाली तुमची खाट आहे. रोज उठताना डोकं आपटेल. वर घेऊ या की, वीतभर तरी."

"न्हाई. इथंच."

"अहो, पण कारण काय?"

त्याची आईही हेच विचारायची. कारण काय. मिस्त्री फळी धरून उभा होता, सून दारात होती. मी म्हणालो, "तुझ्या आईचा हात इथवर पोचायचा."

त्याला कळलं नाही. त्याला वाटलं म्हातारा आठवणीत गेलाय. माझ्या खांद्यावर हात ठेवायला आला. तो हात ठेवायच्या आत मी सांगून टाकलं. "तिला चक्कर आली नव्हती. वरची परात काढायला स्टुलावर चढली आणि पडली. मांडणी खाली घ्या म्हणून चार-पाच वर्षं मागं लागली होती. मी घेतली न्हाई. गिलावा खराब होईल म्हणून घेतली न्हाई."

तो हात तसाच राहिला, मग खाली गेला.

"तुम्ही चक्कर म्हणाला होता."

"म्हणालो होतो."

"डॉक्टरांना. आईसमोर."

"तिच्यासमोर."

"कुठली परात?"

ह्याची मला भीती होती. मी बोट दाखवलं. मोठी परात भिंतीला टेकून उभी होती. ती कधी काढायची हे त्याला माहीत होतं. ती त्या दोघांच्या जेवणासाठीच खाली यायची.

सून तोंडावर हात धरून आत गेली. मुलगा खाटेवर बसला. मिस्त्रीला मराठी येत नव्हतं, पण तो छताकडं बघत होता, फळी दोन्ही हातांत. मग मुलगा उठला आणि त्याला कानडीत म्हणाला, त्यांनी सांगितलं तिथंच लाव. आणि बाहेर निघून गेला.

भिंत बंद झाली. पुट्टी, रंग झाला. मांडणी लागली ती हलत नाही, मी लोंबकळून बघितली. आज दोन महिने झाले. मुलगा माझ्याशी बोलतो, पण गोळी घेतली का, जेवलात का, एवढंच. वर जाऊन मी त्या पोरींना माझी चूक सांगितली. त्या म्हणाल्या, "इट्स ओके अंकल," आणि दार लावून घेतलं. रोज सकाळी खाटेवरून उठताना मांडणीची खालची पट्टी डोक्याला लागते. सून म्हणाली स्पंज लावते. मी नको म्हणालो.

परवा संध्याकाळी मी पडलो होतो. बोर्डाच्या भिंतीतून सगळं ऐकू येतं, कान लावावा लागत नाही. मुलगा हॉलमध्ये फोनवर होता. वर्षश्राद्ध जवळ आलंय म्हणून मावशीशी बोलत होता, किती माणसं, कुठं करायचं. मग तो जरा थांबला. मावशी काय विचारते हे मला इकडं न ऐकता कळलं. ती दर वेळी तेच विचारते.

"नाही मावशी," मुलगा म्हणाला. "चक्करच आली होती तिला. दुसरं काय असणार?"

आवाज माझ्यासारखाच होता. मी दवाखान्यात म्हणालो होतो तसाच, सपाट.

मी एकदम उठलो. डोकं मांडणीला आपटलं, वरची परात कडेला लागून वाजली. पलीकडं मुलगा बोलायचा थांबला. मग म्हणाला, "काही नाही मावशी, भांडं वाजलं."

मी परातीवर हात ठेवून ती थांबवली आणि हॉलमध्ये गेलो. त्यानं माझ्याकडं बघितलं. फोन कानालाच होता.

"दे इकडं," मी म्हणालो.

त्यानं फोन माझ्या हातात दिला.